वाचनालयाच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस, जूमला की ड्रुपल?

कोथरूडचं छोटं वाचनालय, बजेट जेमतेम, मजकूर सगळा मराठीत आणि साइट सांभाळायला धड कोणी नाही, असं तुम्ही लिहिलंय आणि वेबसाइट बनवायच्या या तीन सॉफ्टवेअरपैकी कोणतं घ्यावं असं विचारलंय. मग वर्डप्रेस घ्या. आता का ते सांगतो, कारण मी आधी उलटं करून बसलो होतो.

२०१४ मध्ये आमच्या पेठेतल्या वाचनालयाची साइट मी ड्रुपल ७ वर केली. तेव्हा नुकतंच शिकलो होतो ना, मग काय, कंटेंट टाइप काय, व्ह्यूज काय, परमिशन्स काय, तीन जणांच्या संस्थेला मी पाच रोल (कोणाला साइटवर काय करता येईल त्याचे प्रकार) बनवून दिले होते. दिसायला झकास. पण काउंटरवरच्या काकूंना साधी नोटीस टाकता येईना. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो आणि काकूंचा फोन, "अरे, उद्या बंद आहे एवढंच टाक ना रे साइटवर." असं पाचेक वर्षं चाललं. ड्रुपल ८ आलं तर त्यावर जायचं म्हणजे जवळपास साइट नव्यानेच बांधायची, म्हणून टाळत राहिलो, आणि शेवटी वैतागून वर्डप्रेसवर हलवलं. ड्रुपल ७ चा सपोर्ट तर जानेवारी २०२५ मध्ये संपलाच. ड्रुपल वाईट नाही हं, मोठ्या पोर्टलला, जिथे पगारी डेव्हलपर आहे तिथे मस्तच. आता काकू स्वतः फोटोसकट नोटिसा टाकतात, वर मलाच शुद्धलेखन शिकवतात.

जूमला मधलं आहे, ना एवढं सोपं ना तेवढं ताकदवान (नाव स्वाहिलीवरून आलंय, 'सगळे मिळून' अशा अर्थाचं, निवडणुकीवाला जुमला नाही). पुण्यात अडलात तर वर्डप्रेसवाला गल्लीत सापडतो, जूमलावाला शोधावा लागतो.

एक मात्र लक्षात ठेवा, वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा आहे, तुम्हाला हवंय ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं फुकट सॉफ्टवेअर, जे आपल्या होस्टिंगवर, म्हणजे साइटसाठी भाड्याने घेतलेल्या जागेवर, टाकायचं. प्लगिन (जादा सोयींसाठी वरून जोडायचे प्रोग्राम) मोजकेच ठेवा, अपडेट वेळच्या वेळी, आणि कोणी पेड थीम (साइटचं तयार रूप) फुकटात देतो म्हणाला तर घेऊ नका, त्यात बऱ्याचदा कसला तरी कोड घुसवलेला असतो.

मराठीची एक गंमत. पोस्टची लिंक शीर्षकावरून आपोआप बनते, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटीसुद्धा, लिंकमध्ये नऊ कॅरेक्टर खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा आहे २००. म्हणजे बावीसेक चिन्हांत खेळ खलास. आम्ही 'दिवाळी अंकांची यादी आणि सभासद नोंदणी' टाकलं तर लिंक 'आणि-स' वर येऊन तुटली, आणि व्हॉट्सॲपवर पाठवली तर नुसती टक्क्यांच्या चिन्हांची माळ. तेव्हापासून पोस्ट टाकतानाच लिंकचं नाव इंग्रजी अक्षरांत छोटंसं लिहितो. आणि डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसतील अशा पद्धतीत) आहे का बघा, नाहीतर पेस्ट केल्यावर भलतीच अक्षरं दिसतात.

पुस्तकांची देवघेव, दंड, सभासद हे सगळं वर्डप्रेसमध्ये कोंबू नका. त्यासाठी कोहा नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही वर्डप्रेससारखंच फुकट, ओपन सोर्स, न्यूझीलंडच्या वाचनालयासाठी बनलेलं, २००० पासून चालू. पण त्याला लिनक्स सर्व्हर लागतो आणि तो बघणारा माणूसही, म्हणून पहिल्या वर्षी एक्सेलवर चालवा, काही बिघडत नाही.

आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, संस्थेच्याच ईमेलवर घ्या. आमचं एका सभासदाच्या भाच्याच्या ईमेलवर होतं, तो गेला जर्मनीला, रिन्यूअलच्या मेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून, आणि ऐन गणपतीत चार दिवस साइट बंद. काकूंचे किती फोन आले विचारू नका.