दहावीत अमेरिकेला गेलेली मुलगी आणि शाळेतला काउन्सेलर

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी महाराष्ट्र बोर्डाची नववी करून न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत गेली आहे. काउन्सेलरने (विषय ठरवून देणारा, कॉलेजच्या अर्जाची कागदपत्रं पाठवणारा शाळेचा सल्लागार) 15 मिनिटं दिली, गणिताला अल्जेब्रा 1 (बीजगणिताची पहिली पायरी) लावलं आणि भेट संपली. तिला इंजिनिअरिंग करायचंय, तर कॉलेज प्रवेशासाठी पैसे भरून खासगी सल्लागार लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

सल्लागाराचं नंतर बघू. आधी अल्जेब्रा 1 बदलून घेता येतं का ते पाहा, तेही याच आठवड्यात. विषय बदलायची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपते. तिथे गणित साखळीने चालतं. दहावीत अल्जेब्रा 1 म्हणजे अकरावीत जॉमेट्री, बारावीत अल्जेब्रा 2. कॅल्क्युलस येतच नाही, आणि इंजिनिअरिंगच्या अर्जात ही उणीव लगेच डोळ्यात भरते. काउन्सेलरने हे मुद्दाम केलेलं नसतं. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ दिसतं, आत काय शिकवलं ते कळत नाही.

म्हणून बालभारतीच्या नववी गणित भाग 1 आणि 2 च्या इंग्रजी आवृत्तीची अनुक्रमणिका छापून काउन्सेलरकडे न्या. बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, त्रिकोण, वर्तुळ, त्रिकोणमिती या प्रकरणांवर खुणा करा आणि प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, मागा. मुलीची उजळणी मात्र आधी करून घ्या, कारण त्या परीक्षेत घसरली तर पुन्हा मागणं अवघड जातं.

त्याच भेटीत क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, विचारा. न्यू जर्सीत डिप्लोमासाठी (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) किमान 120 क्रेडिट लागतात, त्यात इंग्रजीची 20 आणि गणिताची 15. नववीची किती धरली, हे लेखी घ्या. हे राहून गेलं तर बारावीत एखादा विषय जास्तीचा घ्यावा लागतो.

आता सल्लागार. निबंध तपासायला, कॉलेजांची यादी करायला तो उपयोगी पडेल. पण ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांची गुणपत्रिका), कॉमन अ‍ॅपमधला (अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज) स्कूल रिपोर्ट, बारावीच्या मध्यावरचे मार्क हे सगळं शाळेचा काउन्सेलरच पाठवतो. मुलीने शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती अवघड विषय घेतले, हेही त्या रिपोर्टात तोच नोंदवतो. बरीच कॉलेजं त्याचं शिफारसपत्रही मागतात. एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात (त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे 250 मुलांची आहे), त्यामुळे ओळख आपण करून द्यावी लागते. मुलीनेच दर दोन-तीन महिन्यांनी भेट मागावी. पुढच्या वर्षीचे विषय साधारण जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात, तेव्हा तर नक्कीच.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्या देशात पोरगी गप्प झाली, डबा एकटीच खाऊ लागली, तर त्यासाठीही हीच व्यक्ती आहे. तिथे बोललेलं बहुतेक त्यांच्यातच राहतं. जिवाला धोका वाटला तर मात्र ते तुम्हाला कळवतात. ‘काय बोललीस’ म्हणून घरी खोदून विचारू नका, नाहीतर ती जायचंच बंद करेल.

भेटीची ईमेल तिलाच लिहू द्या. नाव, इयत्ता, स्टुडंट आयडी आणि एकच प्रश्न: गणिताची प्लेसमेंट टेस्ट कधी देता येईल?