प्रार्थना होत नसेल तर तक्रार करा, पण देवाकडेच करा

ताई, भावाच्या आजारात तुम्ही उपास केले, रात्ररात्र गुडघ्यावर होतात, तरी तो गेला. आता प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द निघत नाही, आणि चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी म्हणालं की तुमचा विश्वास कमी पडला. म्हणून तुम्ही विचारताय की विश्वास टिकवायचा कसा, आणि चर्चला जायचं की सोडायचं.

आधी ते ‘कमी पडला’ मनातून काढून टाका. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा (आपल्या एका त्रासाला तो असं म्हणतो) काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने आपल्या मरणाविषयी ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो’ म्हटलं आणि तो टळला नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. दुसऱ्याच्या दारात मयत असताना हिशेब मांडणाऱ्यांनी ही गोष्ट जिथे आहे तो योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय आधी वाचावा, असं मला फार वाटतं.

मी सोलापूरची. माझे यजमान कॅन्सरने गेले. बार्शीच्या फेऱ्या, केमो, रक्ताचे रिपोर्ट, सगळं झालं, आणि प्रार्थना तर अख्ख्या मंडळीने केली. माती देऊन घरी आल्यावर ‘विश्वास कमी पडला’ हेच वाक्य मलाही ऐकवण्यात आलं. म्हणणाऱ्या बाईंच्या मनात वाईट नसेल, पण त्या वाक्याने यजमान दुसऱ्यांदा हिरावले गेले. त्यांच्या मरणाचं ओझं माझ्याच डोक्यावर आलं.

तुमचा भाऊ गेलाय, म्हणून योहानाचा ११ वा अध्याय सावकाश वाचा. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी २ दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून ४ दिवस झाले होते. मार्था पुढे येऊन म्हणाली, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ मागून मरीया आली, तीही हेच म्हणाली. तोंडावर केलेली तक्रार आहे ही. येशूने दोघींपैकी एकीलाही दटावलं नाही. उलट कबरेकडे जाताना तो स्वतः रडला, थोड्याच वेळात लाजराला उठवायचं ठाऊक असूनही. मार्थेने जे म्हटलं तेच तुम्ही तुमच्या शब्दांत म्हणा. मोठ्याने म्हणा, भांडा. माझं म्हणणं एवढंच आहे की भांडण देवाशीच असू द्या, त्याच्याकडे पाठ फिरवून मनातल्या मनात नको. जोवर तुम्ही त्याला जाब विचारताय तोवर तुमचं त्याच्याशी नातं आहे, आणि माझ्या मते याच काळातला विश्वास तो हाच.

बायबलमध्ये यासाठी शब्दही तयार आहेत. १३ व्या स्तोत्राची सुरुवातच अशी, की परमेश्वरा, तू मला कुठवर विसरणार? ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, येशूने वधस्तंभावर उच्चारली. मला स्वतःची प्रार्थना सुचत नव्हती त्या दिवसांत मी रात्री १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचायचे. ६ च वचनं आहेत. पुष्कळदा दुसऱ्या वचनापुढे जाववत नसे, मग तिथेच पुस्तक मिटायचं. शेवटच्या वचनातला आनंद आपल्याला येत नसला तर ओढूनताणून आणू नये.

मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचं नाव तुम्हाला पुष्कळ जण ऐकवतील. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं. तिसऱ्यात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानंच्या पानं देवाला जाब विचारतो. देवाने शेवटी राग धरला तो त्याला पाप शोधायला लावणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असं ४२ व्या अध्यायात आहे. त्या मित्रांनी चांगली गोष्ट एकच केली होती, सुरुवातीला ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का विड्या वळतात. यजमान गेल्यावर त्या दुपारी आपलं सूप घेऊन माझ्याकडे यायच्या. कातरलेली पानं, तंबाखू, दोरा, सगळं सुपात. माझ्याशेजारी बसून वळत राहायच्या, संध्याकाळी उठताना ‘भाकरी खाल्ली का’ विचारायच्या. त्या चर्चच्या नाहीत. मला मात्र देवाने त्यांनाच माझ्याकडे पाठवल्यासारखं वाटायचं.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं निराधार बायकांसाठीचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, इतकं गमावल्यावर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगीही गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी त्या शेवटच्या काळातही सोडलं नाही. गाडी केडगाववरून जाते तेव्हा मला नेहमी तेच आठवतं, की पोटची मुलगी गेल्यावर ही बाई त्याच पुस्तकाच्या वचनांवर काम करत बसली होती.

तुमचा दु:खाचा हक्कही कुणाला काढून घेऊ देऊ नका. ख्रिस्ती माणसाने रडू नये असं शास्त्र म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं. शोकच करू नका असं नव्हे. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मरणाला तो शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. भावाच्या मरणाला गोड नावं द्यायची तुम्हाला काही गरज नाही. पुनरुत्थान होणार म्हणूनच मरणाला शत्रू म्हणायची आपल्याला हिंमत आहे.

आता चर्चचं. जा. पण पहिले काही महिने कुणाच्या शेजारी बसायचं ते तुम्ही ठरवा. मी परत जायला लागले तेव्हा गीत सुरू झालं की माझा गळा दाटायचा. शेजारच्या वयस्कर मावशींनी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं, माझ्यासाठी ओळीखालून बोट फिरवत राहिल्या आणि स्वतः एरवीपेक्षा मोठ्याने गायल्या. आपल्याला म्हणवत नाही तेव्हा आपल्या वतीने दुसऱ्यांनी म्हणावं, मंडळी त्याचसाठी असते. ज्यांनी तुम्हाला बोल लावला त्यांच्या घरच्या प्रार्थनासभेला सध्या नाही गेलात तरी चालेल. पाळकसाहेबांना मात्र जे झालं ते स्पष्ट सांगा; त्यांना कळलं तर ते पुढच्या घरात असं होऊ देणार नाहीत.

झोप अजिबात लागत नसेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं वाटत असेल, तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. मानसोपचाराच्या गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली ‘माझा प्राण घे’ म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं.