बोअरच्या गाडीवरनं ओंटारिओत यायचं म्हणतोस तर

तू विचारलायस की दादा, खानापूर भागात बोअरच्या गाडीवर ४ वर्षं काढली, सिव्हिलचा डिप्लोमा हाय, तिकडं कॅनडातल्या ओंटारिओत जमिनीचं प्रदूषण तपासायच्या ड्रिलिंगमध्ये काम मिळंल काय. मिळतंय. पण तुला जे येतंय त्यातलं निम्मं पहिलं विसरायला लागतंय बघ. मी निपाणीचा, आधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर, मग रिगवर म्हणजे बोअरच्या गाडीवर, इथं येऊन ९ वर्षं झाली, त्या निम्म्याची किंमत मी मोजलीय.

आपल्याकडं गाडी आली की कॉम्प्रेसर चालू, हॅमर खाली, भुगा फुफाट्यासारखा वर, पाणी लागलं की सगळे खूश. इथं पाणी नको असतंय, हवी असते माती, ती पण खाली जशी होती तशी. जुना पेट्रोल पंप, ड्रायक्लीनिंगचं दुकान, असल्या जागेत काय झिरपलंय आणि कुठपर्यंत गेलंय ते बघायचं. हवेचा झोत मारलास तर पेट्रोलमधलं बेंझीन उडून जातंय आणि लॅब सांगते माती चांगली हाय! म्हणून मधनं पोकळ असलेलं ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखं ड्रिल, फिरवत नेतात आणि त्या पोकळीतनं स्प्लिट स्पून, म्हणजे उभी दोन फाकांत उघडणारी नमुन्याची नळी, ठोकतात, ६३.५ किलोचा हातोडा, ७६ सेंटिमीटरवरनं, मातीचा घट्टपणा मोजायची एसपीटी टेस्ट कॉलेजात केली असशील तीच. नाहीतर डायरेक्ट पुशची, म्हणजे नळी सरळ जमिनीत दाबणारी छोटी रिग, आतल्या प्लास्टिकच्या नळीत, म्हणजे लायनरमध्ये, दीड मीटरचा मातीचा कांडका सरळ वर येतोय.

माझी चूक सांगतो. पहिल्याच महिन्यात रॉड जोडताना सवयीनं आट्यांना ग्रीस चोपडलं, आपण नेहमी लावतो की. ड्रिलर असा ओरडला की मला वाटलं बोट सापडलं कुणाचं तरी. ग्रीस म्हणजे पेट्रोलियमच, आणि आपण शोधतोय पण पेट्रोलियम, मग लॅबमध्ये जे सापडलं ते जमिनीतलं का आमच्या डब्यातलं? ते भोक सोडून दुसरं मारायला लागलं, दिवस गेला. तसंच पीव्हीसीला लावायचं सोल्युशन. मॉनिटरिंग वेलला, म्हणजे जमिनीतलं पाणी तपासायच्या बोअरला, २ इंची पाइप घालतात तो आट्यांचाच, सोल्युशन अजिबात नाही, कारण त्यातलं सॉल्व्हंट महिनोन्महिने पाण्यात उतरत राहतंय. जाळीच्या पाइपाभोवती सिलिका वाळू, तिच्यावर बेंटोनाइट ही पाण्यानं फुगणारी चिकणमाती, म्हणजे वरचं पाणी पाइपाच्या कडेनं खाली जाणार नाही. जनरेटरमध्ये डिझेल भरून त्याच हातानं सॅम्पलची बरणी धरायची नाही, गाडीचा धूर सॅम्पलच्या टेबलाकडं येऊ द्यायचा नाही, दर सॅम्पलला नवे हातमोजे, दर भोकानंतर ऑगर वाफेनं धुवायचा, आणि शक्यतो कमी घाणीकडनं जास्त घाणीकडं जायचं.

व्हीओसीसाठी, म्हणजे बेंझीनसारख्या हवेत उडून जाणाऱ्या रसायनांसाठी, लायनर उघडल्या उघडल्या छोट्या सिरिंजनं साधारण ५ ग्रॅम माती मिथेनॉलच्या बाटलीत, मग बरणी, मग बर्फाचा डबा. आधी फोटो काढत बसलास तर तेवढ्यात वास उडाला, आणि वासच तर मोजायचाय (नाक लावून हुंगायचं नाही हां, पीआयडी म्हणून हवेतली असली रसायनं मोजणारं मशीन असतंय त्याला, रोज सकाळी कॅलिब्रेट करायचं). त्या बाटलीची तपासणी १४ दिवसांत व्हायला लागते. बरोबर चेन ऑफ कस्टडीचा कागद, सॅम्पल कुणी कुणाच्या हातात किती वाजता दिलं. एक सही चुकली की लॅबचा फोन आलाच.

खोल जायची हौस पण सोड. ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड, ते खाली बसत बसत चिकणमातीच्या थरावर थांबतंय, आणि तू जोरात तो थर भोसकलास तर घाण खालच्या चांगल्या पाण्यात तूच नेऊन सोडलीस. आणि भोक मारायच्या आधी ओंटारिओ वन कॉलला कळवून गॅस, वीज, केबलच्या खुणा करून घ्यायच्या, २०१२ चा कायदाच हाय. आतल्या खासगी लाइनींसाठी वेगळा माणूस बोलवायचा, तरीपण वरचा मीटर दीड मीटर व्हॅक्यूम ट्रकनं नाहीतर हातानं उकरतात. आपल्याकडं कुदळ लागली की कळतंय.

तुझी खरी पुंजी म्हणजे मातीची ओळख. खानापूरची तांबडी, निपाणीची काळी, मुरूम कुठं सुरू झाला ते रॉडच्या आवाजावरनं कळतंय नव्हं तुला? इथं बर्फयुगानं आणून टाकलेली टिल, म्हणजे माती, वाळू, दगडांची मिसळ, मध्येच हा एवढा धोंडा, पण कान तोच लागतोय. फक्त ते लिहायला शीक, रंग, ओल, वाळू किती, चिकण किती, बदल कुठल्या खोलीला. मला सहा महिने लागले. नुसतं चिखल लिहिलंस तर परत साइटवर पाठवतील.

डिप्लोमावर तू फील्ड टेक्निशियन नाहीतर ड्रिलरचा हेल्पर म्हणून लागशील. फेज टूच्या, म्हणजे माती-पाणी तपासून जागेचं प्रदूषण सांगणाऱ्या रिपोर्टवर सही लायसन्सवाला इंजिनिअर नाहीतर जिओसायंटिस्टच करतोय, आल्या आल्या इंजिनिअर म्हणून लागशील असं एजंट सांगत असंल तर उठून ये तिथनं. आणि थंडीचं खरं सांगतो, उणे १५ मध्ये ओल्या हातमोज्यानं बाटलीचं झाकण फिरवताना मला बेळगावचा पाऊस आठवून रडू आलेलं.

गाडी चालवता येत नसेल तर या कामात कुणी घेत नाही. म्हणून आरटीओकडनं लायसन्स किती वर्षांचं हाय त्याचं पत्र आत्ताच काढ, ते मानलं तर इथल्या टेस्टला वर्षभर थांबायला लागत नाही. तुझा शाळेचा दाखला मराठीत आणि घरचा उतारा कन्नडात असणार, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर करून घे, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच हाय काय ते आधी बघ, माझं नव्हतं.