कामगंध सापळ्यात मादी का सापडत नाही?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की किड्याला नाक नाही, मग वास येतो कसा? आणि कपाशीतल्या सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे सगळे नर पतंगच निघतात, मादी मोकळीच, म्हणजे ल्युर (सापळ्यातलं आमिष, त्याला मादीचा कामगंध म्हणजे नराला बोलावणारा वास असतो) बोगस. ल्युर बोगस नाही. नरच निघतात, हीच तो खरा असल्याची खूण.

पतंग वास घेतो तो मुख्यतः मिशांनी. मिशीवर बारीक केस, केसाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. हवेतला गंधाचा कण छिद्रातून आत जातो, तिथलं एक प्रथिन त्याला चेतापेशीपर्यंत पोचवतं आणि मेंदूला संदेश जातो. रेशमाच्या नर पतंगाची मिशी भिंगाखाली जरूर बघा, कंगव्यासारखी दातेरी असते. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी 1959 मध्ये पहिला कामगंध ओळखला तो याच पतंगाचा. त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या लागल्या आणि हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम! नराला मात्र त्यातले मोजके कण पुरतात.

गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध दोन घटकांचा, साधारण निम्मे-निम्मे. नराची मिशी नेमकी त्यालाच जुळलेली. म्हणून घाटेअळीच्या ल्युरकडे हा नर फिरकत नाही. मादीला दुसऱ्या मादीच्या वासाचं काय काम? ती आपल्या मिशांनी अंडी घालायला झाड हुडकते.

वास हवेत तुटक-तुटक येतो. नराला तो लागला की तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडतो, हरवला की आडवा हेलकावे घेत शोधतो. म्हणून सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. कपाशी वाढली की तोही वर सरकवा, पानांत दडलेल्या सापळ्याचा वास लांब जातच नाही.

आता महत्त्वाचं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे एकरी दोन सापळ्यांनी अळी संपणार नाही. ते मोजणीसाठी आहेत. सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 किंवा जास्त पतंग आले तर लगेच शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडा, डोमकळ्या (आत अळी असलेली, नीट न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा. दोन बोंडांत अळी दिसली तर फवारणीचा निर्णय घ्या. ल्युर पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदला, आणि एका किडीच्या ल्युरचा हात दुसऱ्या ल्युरला लावू नका, वास मिसळला की नर येत नाही.