उत्तर: २०१० आणि २०२० च्या अमेरिकी सेन्ससमधले (जनगणनेतले) वंशाचे आकडे शेजारी मांडण्याआधी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शिकागोजवळच्या सबर्बात राहता, शाळेच्या हद्दी बदलण्याच्या सभेत बोलायचंय, आणि तक्त्यात दहा वर्षांत गोरे एकदम घटलेले दिसताहेत, ‘दोन किंवा अधिक वंश’वाले मात्र कितीतरी पट वाढलेत. ‘एवढी माणसं गेली कुठे?’ असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर मी भर सभेत दिलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सांख्यिकीतली तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. तक्ते कसे उतरवायचे ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे लायब्ररीची एक शाखा हलवण्यावरून वाद चालला होता. वस्ती कशी बदलली ते दाखवायला मी एका स्थानिक कार्यालयाकडून तयार एक्सेल मागवली. २०१० आणि २०२० शेजारी शेजारी, आणि रकान्यावर नुसतं ‘व्हाइट’. फक्त गोरे, की गोरे आणि शिवाय आणखी कुठल्या वंशाचे? हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले; सेन्सस हे वंशापासून वेगळं विचारतो) धरून, की वगळून? कशाचाच पत्ता नाही. दोन मेल पाठवल्या, एकदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: ‘आकडे सेन्ससचेच आहेत.’ तिथेच मी मूळ तक्ता उघडून बघायला हवा होता. सभा चार दिवसांवर आली होती, मी बघितला नाही.

सभेत सांगितलं की जुने गोरे रहिवासी मोठ्या संख्येने गाव सोडून गेलेत. मागच्या रांगेतून एक मेक्सिकन आजी उठल्या. म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं मी त्याच घरात राहते. मागच्या वेळी व्हाइटवर खूण केली, याही वेळी केली. या वेळी त्याखाली मूळ लिहायला ओळ होती, तिथे मेक्सिको लिहिलं. मग मी कुठे गेले?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर आमच्या गटाचे खरे मुद्देसुद्धा कुणी ऐकून घेतले नाहीत. शाखा हलली. ते अजून मनाला लागून आहे.

झालं होतं असं. २०२० च्या फॉर्मवर ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ या दोन्ही चौकटींखाली मूळ लिहायची ओळ पहिल्यांदाच आली. २०१० मध्ये बाकीच्या चौकटींखाली लिहिलेल्या मजकुराची पहिली ३० अक्षरं घेऊन जास्तीत जास्त दोन नोंदी करत, २०२० मध्ये २०० अक्षरं घेऊन सहापर्यंत. ‘मेक्सिको’ची नोंद ‘इतर वंश’ म्हणून होते, त्यामुळे व्हाइटखाली ‘मेक्सिको’ लिहिणारा ‘गोरा आणि इतर वंश’ झाला, म्हणजे ‘दोन किंवा अधिक’मध्ये गेला. देशभरात या गटातले लोक सुमारे ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेले, त्याचं मोठं कारण हे. ‘फक्त गोरे’ ८.६ टक्क्यांनी घटले, पण ‘गोरे, एकटे किंवा इतरांसोबत’ (गोरा हा एकच वंश किंवा त्यासोबत आणखीही वंश सांगणारे) मोजले तर १.९ टक्क्यांनी वाढले. हिस्पॅनिक वगळून ‘फक्त गोरे’ घेतले तर घट २.६ टक्के. एकाच देशाची, एकाच दशकाची ही तीन उत्तरं.

म्हणून माझं ठाम मत: दोन्ही वर्षांसाठी पी२ तक्ता घ्या, म्हणजे हिस्पॅनिक वेगळे आणि बाकीचे वंशानुसार. पी१ मधल्या, म्हणजे हिस्पॅनिक वेगळे न काढता वंश देणाऱ्या तक्त्यातल्या, ‘फक्त गोरे’वर घट सांगू नका. पी२ सुद्धा या बदलातून पूर्ण सुटलेला नाही, पण त्यातल्या त्यात बरा. ‘एकटे किंवा इतरांसोबत’चे आकडे सोबत ठेवा, फक्त त्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते हे आधीच सांगा, नाहीतर सभेत कुणीतरी तेवढंच धरून बसेल.

याचा अर्थ सगळेच बदल कागदावरचे आहेत असा नाही. शिकागो शहरात हिस्पॅनिक वगळून कृष्णवर्णीय २००० साली साडेदहा लाखांच्या आसपास होते, २०२० मध्ये ७,८७,५५१. ही माणसं खरोखर गेली. सरकारी घरांचे टॉवर पाडले, २०१३ मध्ये एका झटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद झाल्या, कर्जं थकून घरं गेली. बरेच जण दक्षिणेकडच्या सबर्बात, इंडियानात, अटलांटाकडे गेले. २०२० च्या मोजणीत शहरात लॅटिनो, म्हणजे हिस्पॅनिकच, (२९.८ टक्के) कृष्णवर्णीयांपेक्षा (२८.७ टक्के) जास्त होते. अशा वेळी चौकटींकडे बोट दाखवून हे दुःख पुसून टाकणंही तितकंच चूक.

जाता जाता आपल्याबद्दल. १९३० आणि १९४० च्या सेन्ससमध्ये भारतीयांचा वंश ‘हिंदू’ म्हणून लिहिला जाई, शीख असला तरी. १९७० मध्ये आपण गोऱ्यांत मोजले गेलो. ‘एशियन इंडियन’ ही वेगळी चौकट १९८० पासूनची. त्यामुळे कुणी १९७० पासूनचा आलेख काढून ‘भारतीय शून्यातून आले’ असं दाखवलं तर विश्वास ठेवू नका. २०१० ते २०२० मधली ५४.७ टक्के वाढ, सुमारे ४४ लाखांपर्यंतची, मात्र दोन्ही वर्षी ‘फक्त एशियन इंडियन’ हाच गट धरून आहे.

ट्रॅक्टच्या (सेन्ससने मोजणीसाठी पाडलेल्या वस्तीच्या भागांच्या) हद्दीही तपासा, दहा वर्षांत त्या फुटतात. आणि अगदी ब्लॉकपर्यंत, म्हणजे सेन्ससच्या सगळ्यांत लहान भागापर्यंत, जाऊ नका. २०२० मध्ये गोपनीयतेसाठी लहान आकड्यांत मुद्दाम फेरफार केलेत, एका गल्लीच्या आकड्यावर भांडण लावण्यात अर्थ नाही.

त्या कार्यालयाचा राग अजून गेलेला नाही. लोकांच्या करातून पगार घेणाऱ्यांनी रकान्यावर पूर्ण नाव लिहावं, एवढीच अपेक्षा होती.

तुमच्या शीटमध्ये २०१० चा आकडा पी१ चा आहे की पी२ चा, तेवढं इथे लिहा. सभेच्या आधी मी मूळ तक्त्याशी ताडून देते.