माठातला वाळा आणि बाटलीतले वेटिव्हर

प्रश्न : मुलाने दुबईहून माझ्यासाठी एक महागडे परफ्यूम आणले. खोक्यावर बर्गामॉट आणि वेटिव्हर अशी नावे आहेत. हे वेटिव्हर म्हणजे काय? शिवाय अंगावर फवारल्यावर येणारा वास तासाभरात पार बदलतो, तो मालात खोट असल्यामुळे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मालात खोट असल्याचे हे लक्षण नाही, आणि वेटिव्हर तर बहुधा आपल्या घरातच असेल. उन्हाळा लागला की मराठवाड्यात माठात वाळ्याची जी जुडी सोडतात, त्याच गवताच्या मुळांचे हे तेल आहे. वेटिव्हर हा शब्दही तमिळमधील 'वेट्टिवेर' या नावावरून परदेशी भाषांत गेला असून त्यातील 'वेर' म्हणजे मूळ. परफ्यूमसाठी लागणारे बरेचसे तेल आज हैती आणि जावा येथून येते. आपल्याकडे कन्नौजच्या परिसरात तांब्याच्या डेगेतून (अर्क काढण्याच्या भांड्यातून) निघणारे 'रूह खस' हे वाळ्याचे हिरवट तेल मात्र मला त्या दोन्हींहून अधिक आवडते, कारण त्यात ओल्या मातीचा गंध फार स्पष्ट येतो. पॅरिसच्या गेर्लां या परफ्यूम बनवणाऱ्या घराण्याने १९५९ मध्ये 'वेटिव्हर' याच नावाचे परफ्यूम काढले आणि ते आजही विकले जाते.

आता बदलत्या वासाविषयी. परफ्यूममधील सर्व घटक एकाच वेगाने उडत नाहीत. बर्गामॉट हे इटलीच्या कालाब्रिया भागात पिकणारे लिंबूवर्गीय फळ असून त्याच्या सालीचे तेल अतिशय हलके असते, त्यामुळे ते आधी दरवळते आणि थोड्याच वेळात निघून जाते. त्यानंतर फुलांचे वास पुढे येतात, आणि वाळा, चंदन, व्हॅनिला यांसारखे जड घटक सर्वांत शेवटी, कातडीला धरून कित्येक तास राहतात. म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर पहिला वास घेऊन हजारो रुपये मोजणे मला चुकीचे वाटते. मनगटावर फवारावे, बाजारात तासभर फिरून यावे आणि मगच ठरवावे. आपल्या बाटलीसाठी एक साधा प्रयोग सुचवतो : फवारल्यानंतर तासाभराने मनगट हुंगावे, आणि लगेच माठातील भिजलेला वाळा मुठीत दाबून नाकाशी धरावा. तोच किंचित कडसर, लाकडासारखा वास दोन्हीकडे ओळखू येईल.

आपल्याकडील मे महिन्यातील उन्हात ही सर्व क्रिया झपाट्याने होते. बाटली खिडकीपाशी किंवा मोटारीत न ठेवता खोक्यासह कपाटात ठेवावी.

प्रश्न : आम्ही निशिगंध लावतो. परदेशी परफ्यूममध्ये तो वापरतात का, आणि त्याचे तेल गावातच काढता येईल का?
– एक शेतकरी वाचक, बीड

उत्तर : वापरतात, आणि मोठ्या मानाने वापरतात. जर्मेन सेलिए या परफ्यूमकर्तीने १९४८ मध्ये फॅशन डिझायनर रोबेर पिगे यांच्यासाठी घडवलेले 'फ्राका' हे परफ्यूम तर निशिगंधाभोवतीच रचलेले आहे. परंतु गुलाबाची फुले वाफेवर चढवून तेल काढता येते, तसे याच्या फुलांचे करता येत नाही, कारण उष्णतेने त्यांचा नाजूक गंध बिघडतो. खुडल्यानंतरही हे फूल बराच काळ गंध सोडत राहते, म्हणून फ्रान्समधील ग्रास येथे पूर्वी काचेच्या तावदानावर चरबी थापून त्यावर फुले पसरत, आणि चरबीने गंध शोषला की फुले बदलून नवी ठेवत. आता ते काम रासायनिक द्रावकाने होते. त्यातून आधी मेणासारखा गोळा आणि नंतर शुद्ध अर्क मिळतो. हे द्रावक ज्वालाग्राही असल्याने तशी यंत्रणा घरगुती स्वरूपात उभी करणे धोक्याचे आहे. डेग घेण्यात पैसे गुंतवण्याचा विचार असेल, तर निशिगंधासाठी तो सोडावा आणि सुटी फुले सरळ बाजारात द्यावीत. तेलच काढायचे असेल, तर थोड्या रानात वाळा लावून पाहावा. त्याची मुळे वाफ सोसतात.