टिनाच्या खोलीत ऐकतो. ₹८,००० चा डॅक बदलून ₹३५,००० चा घ्यावा का?

भाऊ, प्रश्न वाचला आणि वाटलं, ही तर आमचीच खोली. लॅपटॉप, त्याला ₹८,००० चा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी), पुढं अॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. सिमेंटच्या भिंती, वर टिन. कापसाचा चुकारा हाती आलाय आणि ₹३५,००० चा डॅक मनात भरलाय. मी आर्वी तालुक्यातला, शेती करतो, आणि वीस वर्षं गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो. तुमच्या जागी मी असतो तर हे पैसे डॅकमध्ये घातले नसते. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, घरीच तपासून पाहा.

तुमचा डॅक ताडून पाहायचा तो मात्र महागाच्या डॅकशी नाही, स्वस्तातल्याशी. नवा डॅक तुमच्याकडे नाहीच. दुकानात ऐकाल तर तिथले स्पीकर वेगळे, खोली वेगळी. पण फोनला इयरफोन जोडायचं बोटभर टाइप-सी डोंगल ₹१,००० च्या आसपास मिळतं, आणि त्याच्या पोटातही डॅकच असतो. अॅपलच्या डोंगलची मोजमापं लोकांनी केलेली आहेत: खरखर आणि विकृती (मूळ आवाजात नसलेली भेसळ) दोन्ही मिळून मूळ आवाजाच्या ९९ डेसिबलच्या आसपास खाली. सीडीच्या १६ बिटांचा आवाकाच, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर, ९६ डेसिबलचा आहे. असं डोंगल आणि तुमचा ₹८,००० चा डॅक यांतला फरक कानाला कळत नसेल, तर ८ आणि ३५ हजारांमधला कळायचा नाही. तो त्याहून बारीक असतो.

तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज अगदी सारखा करा. बहुतेकांची फसगत इथंच होते. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. २०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा. जो मोठा निघेल त्याचा आवाज प्लेअरमधून कमी करत दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत आणा. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून वायर बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. दहा वेळा. नुसत्या अंदाजानं दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, म्हणून नऊ आले तर फरक खरा माना. पाच-सहा-सात आले तर तो अंदाज.

मी हे केलं तेव्हा आमच्याच मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. आमचं गाव मोझरीपासून लांब नाही, मध्ये वर्धा नदी तेवढी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा वारसा या भागात घरोघर आहे. थाप पडल्यावर कडेच्या पितळी चकत्या कशा किणकिणतात आणि कशा विरतात, ते मला झोपेतही ओळखू येईल. पुतण्या वायर बदलत होता. दहापैकी सहा आले. मग त्याच रेकॉर्डिंगची ६४ केबीपीएसची, म्हणजे फार दाबून लहान केलेली, एमपी३ आणि मूळ फाइल अशी तुलना केली. दहाच्या दहा बरोबर, कारण एमपी३ मध्ये चकत्या पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. त्या दिवशी मला पटलं की कानात खोट नव्हती. फरक होता तिथं त्यांनी तो पकडला. तुमच्या पेनड्राइव्हवर अशी जुनी एमपी३ भजनं असतील, तर सगळ्यांत आधी ती बदला.

आता कारण. डॅकचं काम एवढंच: सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे असतात, त्यांचं बदलतं व्होल्टेज करायचं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा हे अवघड आणि महाग होतं. आज ते एका स्वस्त चिपमध्ये होतं. चिपच्या नावावरही फार जाऊ नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथं एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली आणि डॅक बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांना दुसऱ्या चिपवर जावं लागलं. तरी चांगली मांडणी असलेली यंत्रं तितकीच चांगली निघाली. याउलट तुमचे स्पीकर, कितीही चांगले असले तरी, खालच्या सुरांत मोठ्यानं वाजवले की सहज एक टक्का विकृती मिसळतात. चांगल्या डॅकची असते ०.००१ टक्क्याच्या घरात. हजारपट फरक आहे, आणि तुम्ही सुधारायला निघालात त्यातली लहान बाजू.

शिवाय आपल्या खोल्यांचा विचार करा. आत्ता थंडी आहे म्हणून शांत आहे. एप्रिल लागला की कूलर सुरू होईल, आणि कूलरसमोर ६० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. गाणं ९० पर्यंत चढलं तरी मधे उरले ३० डेसिबल. डॅकमधली सुधारणा तर ९०-१०० डेसिबल खालची.

नवा डॅक घ्यावा अशाही वेळा असतात. दोन गाण्यांच्या मध्ये सुईई किंवा घरघर ऐकू येत असेल, टीव्ही जोडायला ऑप्टिकल इनपुट हवं असेल, पूर्ण आवाज देऊनही अॅम्प्लिफायरला पुरेसं व्होल्टेज मिळत नसेल, तर जरूर बदला. पण घरघरीच्या बाबतीत थांबा, कारण तिथं माझे पैसे गेले आहेत. नागपूरच्या एका दुकानदारानं मला सांगितलं की जुन्या डॅकमुळेच आवाज येतो. महागाचा आणला, घरघर जागच्या जागी. शेवटी एकदा लाइन गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि इन्व्हर्टरवर चाललेला अॅम्प्लिफायर एकदम स्वच्छ वाजला. दोष चार्जरच्या वाटेनं येत होता. वायरमननं अर्थिंग तपासलं तर ते नावालाच होतं: आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग मरतं. मीठ-कोळसा नव्यानं भरला, पाणी टाकायची सवय लावली, लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर घेतले. घरघर गेली. तुम्हीही आधी चार्जर काढून ऐका. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याचीही भणभण येते, ती डॅकनं जात नाही. आणि कुणी प्लगची अर्थची पिन कापायला सांगितली तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

पैसे घालायचेच असतील तर खोलीत घाला. मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टिन आणि सिमेंट यांच्यामध्ये ती झणझणत राहील, आणि तीच झणझण प्रत्येक गाण्यावर चढते. यावरचा उपाय आपल्या वावरातच पिकतो. जिनिंगमधून रुई आणा, पिंजाऱ्याकडून चार इंच जाडीच्या गाद्या भरून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना, स्पीकर आणि तुमची खुर्ची यांच्या मधल्या जागी, उभ्या लावा. भिंतीला चिकटवू नका; मागं चार बोटं जागा सोडली की थोडे खालचे सूरही शोषले जातात. जागा नेमकी कोणती, हे पाहायला एकाला भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. खुर्चीतून स्पीकर जिथं दिसेल तिथं गादी. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. ढोलकीची घुमारी याने जाणार नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि एकेक वीत पुढं-मागं करून ऐका. आमच्याकडे हे झालं तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, मशीन नवी आणली का.

चाचणी पहाटे करा, टिन तापून तडतडायला लागायच्या आधी. दहापैकी किती आले ते इथं लिहा. नऊ किंवा दहा आले, तर तुम्ही कोणता डॅक पाहताय त्याचं नाव सांगा, मग त्यावर बोलू.